सोलर बोटीने महासागर ओलांडायला बॅटरी किती लागते?

पुण्यातल्या दोन मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी १२ मीटर लांबीची, सामान भरल्यावर साधारण ८ टन होणारी एक जुनी कॅटामरान, म्हणजे दोन हल्सची (सांगाड्यांची) जोडबोट, घेतली आहे. डिझेल इंजिनं काढून टाकायची, छतावर १० किलोवॅटची सौर पॅनेलं बसवायची आणि शीड न वापरता मुंबईहून आफ्रिकेचा किनारा गाठायचा, पुढे जमलं तर अटलांटिकही ओलांडायचा, असा बेत आहे. बॅटरी २०० युनिटची पुरेल की ३०० ची घ्यावी, हे त्यांना हवं आहे. खाली एक ओळ जोडली आहे: ‘असं कुणी केलंय का, की आम्ही वेडेपणा करतोय?’

या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. हे झालेलं आहे, आणि पुष्कळ आधी झालेलं आहे. जपानचे केनिची होरिए १९९६ साली रिसायकल केलेल्या ॲल्युमिनियमच्या सौर बोटीतून एकटे इक्वेडोरहून टोकियोला गेले, म्हणजे अख्खा पॅसिफिक. स्वित्झर्लंडची ‘सन २१’ ही १४ मीटरची कॅटामरान स्पेनहून निघून फेब्रुवारी २००७ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पोहोचली आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला लागली. तिच्यावरची पॅनेलं तुमच्याएवढीच होती, १० किलोवॅटची. त्यानंतर ३१ मीटरच्या ‘तुरानोर प्लॅनेटसोलर’ने २७ सप्टेंबर २०१० ला मोनॅको सोडलं आणि निव्वळ सूर्यावर पृथ्वीप्रदक्षिणा करून ४ मे २०१२ ला ती तिथेच परत आली. तेव्हा तुमचा बेत वेडेपणाचा नाही. मात्र तुम्ही विचारलेला बॅटरीचा आकडा या प्रवासाच्या पोटातला फार छोटा भाग आहे. त्यावर पैसे घालण्याआधी दुसरा एक आकडा हातात यायला हवा.

तो आकडा वेगाचा. तुमची बोट चोवीस तासांत जेवढी वीज कमावते, तेवढ्याच विजेत चोवीस तास चालत राहायचं, तर ती किती नॉटने चालेल? (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर; पुढे मैल म्हणजे सागरी मैलच.) महासागर याच वेगाने ओलांडला जातो. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी हा वेग वाढत नाही, उलट वजनामुळे थोडा कमीच होतो. सोलर बोट म्हणजे रोजंदारीवरचं घर आहे. आजची कमाई आज आणि उद्या सकाळपर्यंत पुरवायची. गाठीला चार पैसे असतात ते आजारपणासाठी, रोजच्या किराण्यासाठी नव्हे.

आता तुमच्याच बोटीचा हिशोब मांडतो. मी सोलर-इलेक्ट्रिक बोटींच्या मोटारी, बॅटऱ्या आणि वायरिंगचं काम करतो, आणि लांबच्या प्रवासात ऊर्जेची वही माझ्याकडे असते. खालचे आकडे मी अशा बोटीसाठी पहिल्या बैठकीत कागदावर मांडतो तसे आहेत. तुमची बोट प्रत्यक्ष पाण्यात मोजल्यावर ते बदलतील, पण दिशा बदलणार नाही.

पुण्यातल्या गच्चीवर १ किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, हे तुम्हाला माहीत असेलच. समुद्रावरही मी तोच आकडा धरतो. बोटीवरची पॅनेलं आडवी असतात, त्यांना दक्षिणेकडे झुकवता येत नाही. दुपारी ती ६० अंशांच्या पुढे तापतात आणि तापली की दहा-बारा टक्के वीज कमी देतात. त्यावर मिठाचा थर बसतो, अँटेनाची आणि कठड्याची सावली फिरते. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे हे नुकसान बरंचसं भरून निघतं. थोडक्यात, चांगल्या दिवशी १० किलोवॅटकडून ४० युनिट. यातले सहा-सात युनिट बोटीचा संसार खातो: ऑटोपायलट, रडार, आसपासच्या जहाजांची ओळख दाखवणारी एआयएस यंत्रणा, दिवे, फ्रिज, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आणि स्वयंपाकाची इंडक्शन शेगडी. बॅटरीत भरताना आणि काढताना दोन-तीन युनिट जातात. मोटारींना उरतात ३०.

३० युनिट म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एक लिटर डिझेलमधून चांगलं इंजिन प्रोपेलरच्या दांड्यावर तीन-साडेतीन युनिट देतं. म्हणजे दिवसभर तळपणारा सूर्य आणि ५० चौरस मीटर पॅनेलं मिळून तुमच्या हातात सुमारे दहा लिटर डिझेलएवढी ताकद ठेवतात. कोकणातला ट्रॉलरचा तांडेल हे ऐकून बंदरातूनच माघारी फिरेल. पण रोजच्या एवढ्याच कमाईवर सन २१ अटलांटिक ओलांडून गेली.

ते कसं जमतं, हे वेग आणि ताकद यांच्या नात्यात आहे. पाण्यातून संथ जाणाऱ्या बोटीला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. तुमच्यासारख्या कॅटामरानला शांत पाण्यात ४ नॉटला २ किलोवॅट लागत असेल, तर ५ नॉटला जवळजवळ ४ आणि ६ नॉटला ७ किलोवॅटच्या आसपास लागतील. उलट बाजूने पाहा: वेग थोडा सोडला की खर्च धडाधड उतरतो. ३० युनिट २४ तासांवर पसरले तर सरासरी सव्वा किलोवॅट हाती येतात. त्यात तुमची बोट ३.४ नॉटने चालेल. दिवसाला ८० सागरी मैलांच्या थोडं वर.

याचा पडताळा प्लॅनेटसोलरशी घेता येतो. तिच्यावर ५३७ चौरस मीटर पॅनेलं होती, क्षमता ९३ किलोवॅट. दिवसाला पावणेचारशे युनिट धरले तर सरासरी सोळा किलोवॅट. या ताकदीवर ८५ टनांची ती बोट साधारण ५ नॉटने चालायची. ३१ मीटर लांबीची, अब्जाधीशाच्या यॉटएवढी बोट, आणि वेग सायकलचा! हा वेग कुणाच्या अकौशल्यामुळे आलेला नाही, तो सूर्याने ठरवून दिलेला आहे.

दुसरी गोष्ट लक्षात घ्या. हेच ३० युनिट तुम्ही दिवसाच्या बारा तासांत खर्च केले आणि रात्री बोट वाहती सोडली, तर दिवसा वेग ४.३ नॉट मिळेल, पण चोवीस तासांत अंतर ५२ मैलच कापलं जाईल. एकसारखं चालत राहिलात तर ८२. तीस मैलांचा फरक, तोही एकही जादा युनिट न वापरता. बॅटरीचं खरं काम इथे आहे. दुपारचं ऊन पहाटे तीन वाजेपर्यंत पोहोचवायचं.

म्हणून बॅटरीचं माप रात्रीवरून काढतात. पॅनेलं दुपारी चारनंतर मोटारीला पुरत नाहीत आणि सकाळी आठपर्यंत पुन्हा पुरायला लागत नाहीत. सोळा तास, मोटार आणि संसार मिळून दीड किलोवॅट, म्हणजे २५ युनिट. त्यात ढगाळ दिवसाची तयारी म्हणून आणखी एका दिवसाचा खर्च आणि बॅटरी कधीच पूर्ण रिकामी होऊ नये म्हणून राखायचा भाग मिळवा. तुमच्या बोटीला ७० ते ८० युनिटची बॅटरी मी सुचवेन. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर खोक्यासकट सात-आठशे किलो. प्लॅनेटसोलरवर साडेआठ टन लिथियम बॅटऱ्या होत्या, बोटीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या. तुमचं प्रमाणही तिथेच येतं, आणि हा योगायोग नाही.

२०० युनिट घेतले तर काय होईल? वजन दोन टनांच्या घरात जाईल. ८ टनांची बोट सव्वानऊ टनांची होईल, पाण्यात जास्त बसेल. जुन्या कॅटामरानच्या दोन हल्समधला पूल आधीच पाण्याच्या जवळ असतो, तो लाटांवर आपटू लागेल. आणि एवढं करून बदल्यात पाच दिवसांचं, म्हणजे चारेकशे मैलांचं अंतर गाठीला राहील. मुंबई ते केनियातलं मोम्बासा सुमारे २,४०० मैल आहे, आफ्रिकेच्या वायव्येकडच्या कॅनरी बेटांपासून कॅरिबियन साधारण २,७०० ते २,८००. चारशे मैलांची पुंजी तिथे कुठेच पुरत नाही. तेच पैसे हलक्या बांधणीवर, मोठ्या आणि संथ फिरणाऱ्या प्रोपेलरवर आणि तळ गुळगुळीत ठेवण्यावर घाला.

इथे देशातल्या बोटींवरून होणारा एक घोटाळा दूर करतो, कारण तुमच्या पत्रात केरळच्या सोलर फेरीबोटीचा उल्लेख आहे. जानेवारी २०१७ पासून वैकम ते तवणक्कडव या जलमार्गावर धावणारी ‘आदित्य’ ७५ प्रवासी नेते. पॅनेलं २० किलोवॅटची, बॅटरी ५० युनिटची. ती उत्तम बोट आहे, आपल्या देशात हा विषय तिनेच रुजवला. पण अडीच किलोमीटरची फेरी झाली की ती धक्क्याला लागते, आणि रात्री तिथे प्लग असतो. माझगाव डॉकसाठी बनलेली ‘बॅराकुडा’ १२ नॉटचा वेग घेते. तिच्या दोन मोटारी ५०-५० किलोवॅटच्या आहेत आणि पॅनेलं ६ किलोवॅटची. म्हणजे तो वेग किनाऱ्यावरच्या विजेचा आहे, सूर्य हातभार लावतो. दोन्ही बोटी आपापल्या कामाला चोख आहेत. महासागरात प्लग नसल्यामुळे तिथलं गणित मुळातच निराळं असतं.

आता वाऱ्याकडे येतो, कारण सोलर बोटीचं भवितव्य ऊन ठरवतं त्याहून जास्त वारा ठरवतो. शांत पाण्यात साडेतीन नॉटने जायला तुमच्या बोटीला ३५-४० किलोचा रेटा पुरतो. समोरून २० नॉटचा वारा आला, तर केबिन आणि पॅनेलांचं छत मिळून १५ चौरस मीटरच्या तोंडावर तो वाराच ८०-९० किलोने मागे ढकलतो. लाटांचा मार वेगळा. अशा वाऱ्यात दोन नॉटने पुढे सरकायलाही साडेतीन-चार किलोवॅट लागतात. दिवसाची सगळी कमाई आठ तासांत संपते आणि तुम्ही पंधरा-सोळा मैल गेलेले असता. २५ नॉटच्या वर तर नाक वाऱ्यात धरून जागेवर टिकणं हेच यश मानावं. म्हणून मोटारी सव्वा किलोवॅटवर चालणार असल्या तरी दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोवॅटच्या बसवा. बंदरात वळताना आणि वारा बोटीला किनाऱ्याकडे ढकलत असताना ती ताकद अर्धा तास का होईना, हाताशी हवी. आणि सोबत पाण्यात पॅराशूटसारखा उघडून बोट धरून ठेवणारा सी-अँकर हवाच. वारा डोईजड झाला की तो नाळेवरून, म्हणजे बोटीच्या नाकावरून, सोडायचा, मोटारी बंद करायच्या आणि ऊन खात पडून राहायचं. शिडाच्या बोटीला वादळानंतर वारा पडण्याची भीती असते. सोलर बोटीला थांबून राहणं फायद्याचं ठरतं, कारण थांबलेल्या बोटीची बॅटरी भरत जाते.

हे कळलं की मार्ग आपोआप सुचतो. वारा आणि प्रवाह पाठीशी असेल त्याच बाजूने, त्याच महिन्यांत जायचं. अटलांटिकमध्ये म्हणूनच सगळे कॅनरी बेटांवरून पश्चिमेला जातात. ईशान्येचे व्यापारी वारे मागून ढकलतात, विषुववृत्तीय प्रवाह दिवसाला दहा-बारा मैल फुकट देतो. पण तिथे एक ओढाताण आहे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीत वारे भरवशाचे असतात पण ऊन कमी आणि दिवस लहान. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, दिवस मोठा, वादळं अजून दूर. प्लॅनेटसोलरने २०१० च्या उत्तरार्धात अटलांटिक ओलांडायला २६ दिवस १९ तास घेतले. २०१३ च्या एप्रिल-मेमध्ये कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनला ती साडेबावीस दिवसांत गेली. मधल्या काळात तिचे प्रोपेलर बदलले होते, त्याचा वाटा मोठा आहे. पण वसंतातल्या उन्हाचा वाटाही मी धरतो. माझी पसंती विचाराल तर मार्चअखेरीस निघावं.

अरबी समुद्राचं पंचांग आपल्याला तोंडपाठ आहे. जून ते सप्टेंबर विषयच सोडा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी तशीच समुद्राच्या उग्रपणासाठीही. आणि त्या महिन्यांत आकाशातून वीजही मिळत नाही. गच्च ढगाळ दिवशी पॅनेलं नेहमीच्या पाव हिश्श्यावर येतात, कधी त्याहूनही खाली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ. आकाश निरभ्र, वारा उत्तर-ईशान्येचा आणि बहुतेक वेळा सौम्य, समुद्र बसलेला. याच वाऱ्यावर आपली गलबतं आणि अरबांची ‘ढाऊ’ जहाजं शतकानुशतकं पश्चिमेला आणि आफ्रिकेकडे गेली. मुंबईहून ओमानचं सलालाह बंदर हजार-अकराशे मैल, म्हणजे तुमच्या वेगाने दोन आठवडे. मोम्बासा महिनाभर.

तरीही मोम्बासाला मी आज ‘हो’ म्हणणार नाही, आणि कारण तांत्रिक नाही. २०२३ च्या अखेरीपासून सोमालियाच्या किनाऱ्यापलीकडे चाचेगिरीने पुन्हा डोकं वर काढलं. डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज भारतीय नौदलाने मार्च २०२४ मध्ये सोडवलं. साडेतीन नॉटच्या बोटीला पळून जाता येत नाही, आणि तुमचा मार्ग त्याच पाण्यातून जातो. निघण्याच्या वेळी परिस्थिती काय आहे, हे नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या सूचना पाहूनच ठरवा.

त्याऐवजी पहिल्या वर्षी कोची ते कवरत्ती करा. ४०४ किलोमीटर, म्हणजे २१८ मैल, तुमच्या वेगाने पावणेतीन दिवस. जमीन दिसेनाशी होते, दोन-तीन रात्री चालून काढाव्या लागतात, आणि काही बिघडलं तर मदत येऊ शकते. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. कोचीपर्यंतचा किनाऱ्यालगतचा प्रवासही शिकवणारा आहे. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो तो दक्षिणेला जाणाऱ्याच्या मागून लागतो, रात्री जमिनीवरून मतलई वाहतो. परत उत्तरेकडे येताना मात्र दुपारी नांगर टाकून बसायचं आणि मध्यरात्रीनंतर निघायचं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे मच्छीमार वेळेची जी शिस्त पाळतात तीच इथे उपयोगी पडते, त्यांच्याशी बोला. किनाऱ्यापासून निदान पंधरा-वीस मैल बाहेर राहा, कारण जाळी. रात्री थर्माकोलच्या बोयांवर दिवा नसतो. प्रोपेलरमध्ये जाळं अडकलं तर एकदम सगळं थांबतं, आणि ज्याचं जाळं तुटलं त्याचा हंगाम बुडतो.

प्रत्यक्ष प्रवासात ऊर्जा कशी सांभाळायची, यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण पुस्तकी हिशोब इथेच कोलमडतात. माझ्या वहीत रोज एक आकडा ठळक असतो: पहाटे सूर्य पॅनेलांवर पडायच्या क्षणी बॅटरीत किती टक्के उरले. दिवसभरातला तो सगळ्यात खालचा बिंदू. तो ३५-४० टक्क्यांवर रोज येत असेल तर बोट आपल्या कमाईत जगते आहे. सलग तीन दिवस तो उतरत गेला, तर हवामान सुधारेल या आशेवर राहायचं नाही, त्याच संध्याकाळी ताकद कमी करायची. उलट ६० च्या वर राहू लागला, तर तुम्ही ऊन वाया घालवत आहात, कारण दुपारी बारालाच बॅटरी भरते आणि पॅनेलं रिकामी बसतात. अशा दिवशी अकरा ते तीन वेग वाढवावा, पाणी भरून घ्यावं, डाळ-भात दुपारीच शिजवावा. रात्रीची इंडक्शन फक्त चहापुरती.

दुसरा नियम: रात्रीसाठी वेग ठरवू नका, किलोवॅट ठरवा. दुपारी चारला बॅटरी पाहून ‘आज रात्री ११०० वॅट’ असं ठरवायचं आणि लिव्हर तिथे बांधल्यासारखा ठेवायचा. लाट चढताना बोट अडीच नॉटवर येईल, उतरताना पाचवर जाईल, जाऊ द्या. वेग एकसारखा ठेवण्याच्या मागे लागलात की प्रत्येक लाटेवर वीज जळते. पहाऱ्यावरचा माणूस कंटाळून किंवा घाबरून ताकद वाढवतो, हे सगळ्या बोटींवर होतं. म्हणून ११०० चा आकडा मोठ्या अक्षरांत सुकाणूसमोर चिकटवलेला असावा आणि तो बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. मुक्काम गाठण्यापूर्वीचे दोन दिवस तर हे फारच कटाक्षाने पाळावं. जमीन जवळ आली की सगळ्यांना घाई होते, आणि नेमकं तिथेच जहाजांची गर्दी, प्रवाह आणि खडक असतात. बंदरात शिरताना बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली असेल तर मी बाहेर थांबून दुपार होऊ देतो.

वायरिंगबद्दल मोजकं. पॅनेलांचे लहान लहान गट करा आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर (पॅनेलांची वीज बॅटरीत नीट भरणारं यंत्र) द्या, म्हणजे एका अँटेनाची सावली सगळ्या छताला मारत नाही आणि एक कंट्रोलर गेला तरी बाकीचे चालतात. वाकणारी पातळ पॅनेलं हलकी असतात म्हणून मोह होतो, पण थेट डेकवर चिकटवली की खालून हवा मिळत नाही, ती तापून लवकर खराब होतात. काचेची घ्या, खाली चार बोटं जागा सोडा. सगळे जोड टिन केलेल्या तांब्याचे. दोन मोटारी, दोन बॅटरी गट, एकमेकांना जोडता येतील पण एरवी वेगळे. पॅनेलं रोज पहाटे दव असतानाच पुसा, गोडं पाणी वाचतं. आणि मधूनमधून प्रोपेलर पाहा. अटलांटिकमध्ये सरगॅसम शेवाळाच्या जुड्या अडकतात. सव्वा किलोवॅटच्या मोटारीला मूठभर शेवाळही जड जातं.

माणसांचंही बजेट करा. तुम्ही दोघंच जायचं म्हणता. महिनाभर चोवीस तास पहारा दोघांना झेपत नाही. १८ नॉटने येणारं मालवाहू जहाज दिसल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत तुमच्यापर्यंत पोहोचतं, आणि तुम्ही पटकन बाजूला होऊ शकत नाही. चौघं हवेत. कायद्याच्या दृष्टीनेही एक गोष्ट विसरू नका. तुमची बोट कितीही शांत असली तरी आंतरराष्ट्रीय नियमांत ती यंत्रचलित नौका आहे. शिडाच्या होडीला वाट तुम्ही द्यायची, आणि दिवेही यंत्रचलित नौकेचेच लावायचे.

एक मत विचारलं नाहीत तरी देतो. बोटीवर शीड अजिबात नको, हा हट्ट कशासाठी, ते दोघांनी बसून ठरवा. निव्वळ सूर्यावर जाऊन दाखवायचं असेल तर तो उद्देश मला मनापासून पटतो, आणि मग वरचं सगळं लागू आहे. पण समुद्रावर डिझेलशिवाय लांब जायचं असेल, तर वारा नाकारण्यात काही शहाणपण नाही. प्लॅनेटसोलर पुढे २०१५ पासून ‘रेस फॉर वॉटर’ झाली, तेव्हा तिच्यावर हायड्रोजनची साठवण आणि पतंगासारखं शीड चढवलं गेलं. सूर्यावर जग फिरून आलेल्या बोटीलाच हे करावंसं वाटलं. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते शिडावर. तुमच्या कॅटामरानची डोलकाठी अजून शाबूत असेल तर ती विकू नका. छतावर तिची सावली पडते म्हणून काढायची असेल, तर घडी होणारी आखूड डोलकाठी आणि एक पुढचं शीड ठेवा. दोन्ही मोटारी गेल्या तरी अटलांटिकचा वारा तेवढ्यावर तुम्हाला पलीकडे नेईल.

आता सुरुवात कुठून करायची? बॅटरीची ऑर्डर थांबवा आणि बोट ओढून पाहा. बोटीचा तळ घासून घ्या, प्रवासात असेल तेवढं वजन, पाण्याच्या कॅनांनी का होईना, तिच्यात भरा. एखाद्या खाडीत, वारा पडलेला असताना आणि भरती-ओहोटी थांबलेल्या वेळी, मच्छीमाराच्या बोटीमागे ३० मीटर दोरावर ती बांधा. दोराला वजनकाटा लावा, टनाच्या आतला साधा क्रेनचा डिजिटल काटा चालतो. ३, ४ आणि ५ नॉटला किती किलोचा ओढा येतो ते लिहा, दोन्ही दिशांनी प्रत्येकी तीनदा, आणि सरासरी काढा. किलोंना ९.८ ने गुणा, मग सेकंदाला किती मीटर वेग आहे त्याने गुणा. ४ नॉट म्हणजे २.०६ मीटर. आलेल्या वॅटांची दुप्पट करा, कारण मोटार आणि प्रोपेलर मिळून निम्मी वीज खातात. ४ नॉटला ४० किलो आला तर १६०० वॅट होतात, आणि तुमची बोट माझ्या कागदावरच्या बोटीहून चांगली आहे. ५० आला तर वरचे सगळे आकडे जसेच्या तसे धरा. ६५ च्या पुढे गेला तर आधी वजन उतरवा, मागे पाण्यात बुडालेला भाग पाहा, आणि पुन्हा ओढा. ते तीन आकडे आणि बोटीचं खरं वजन मिळालं की कवरत्तीसाठी बॅटरी ६० युनिटची चालेल की ८० ची लागेल, हे एका संध्याकाळी ठरवता येईल.